तिच्या हातच्या शेवया

सोलापूर, नवी पेठ
रविवार, ता. १२ फेब्रुवारी १९३३

ती. अक्कास रामहरीचा साष्टांग नमस्कार.

मंगळवारी करमाळ्याहून विहीणबाईंचा निरोप आला. सर्व्हिस मोटारीवरच्या सिदूबरोबर तोंडी आला. प्रभा दिवाळीला माहेरी आली त्याला चार महिने होत आले, त्या घरचं एक अक्षर नव्हतं. निरोप जसाच्या तसा देतो: "सूनबाईला दोन वर्षांत शेवई वळता आली नाही. चैत्र संपायच्या आत तिच्या हातच्या पाच शेर शेवया पाठवा. तार अखंड पाहिजे. मग पुढचं बघू." सिदूला मी तीनदा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा शब्द तेच आले, म्हणजे निरोप पक्का.

मी त्यावर दोन दिवस विचार केला. "पुढचं बघू" म्हणजे न्यायला येऊ, याशिवाय दुसरा अर्थ निघत नाही. राग असला तर माणूस शेवया मागत नाही, भांडी परत पाठवतो.

आता पोरीची चूक म्हणशील तर ती पाच वर्षांची असताना आई गेली, शेवया शिकवणार कोण? पण जे कुणाला तरी करता येतं ते लिहून काढता येतं, आणि जे लिहून काढता येतं ते शिकता येतं. माझी मराठी चौथी झालेली. घड्याळं मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ उघडलं, एकेक चाक कागदावर काढून घेतलं आणि परत बसवलं. आज नव्या पेठेत लोक हातातलं घड्याळ काढून निर्धास्त माझ्यापुढं ठेवतात. शेवई काही घड्याळाहून अवघड नसेल.

स्थळ तूच आणलंस, आणि गेली चार वर्षं त्याच घरी सोवळ्यातला स्वयंपाक करतेस. त्या घराला शेवई कशी लागते हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तेव्हा पुढची माहिती नीट कळव. गहू कोणता. भिजवायचा किती घटका. शेरभर पिठाला पाणी किती तोळे. पीठ कुटायचं तर किती वेळ. तार किती हात लांब ओढायची. वाळवण उन्हात की सावलीत. "अंदाजानं" हा शब्द कृपा करून लिहू नकोस. मी एक वही घातली आहे, तीत सगळं टिपतो.

प्रभाची प्रकृती बरी आहे. बोलते कमी. पत्राची वाट पाहतो.

तुझा
रामहरी


करमाळा
ता. २० फेब्रुवारी

चि. रामहरीस दुर्गाअक्काचे आशीर्वाद.

तू पाटीवर शिकवलेल्या अक्षरांनी लिहिते, वाकडी असली तरी रागावू नको. कार्डावर मावेल तेवढं लिहिते.

बन्सी गहू घे. रात्री पाण्याचा हात मारून फडक्यात बांध. सकाळी सडून सावलीत सुकव. दळून आणून वस्त्रगाळ कर. कोमट पाण्यात घट्ट भिजव, चार घटका ओल्या फडक्याखाली राहू दे, मग पाट्यावर वरवंट्यानं कुट, मेणासारखं होईतो. शेवयांच्या पाटाचं एक टोक बाजेवर, दुसरं जमिनीवर. वळणारीनं वर बसायचं, तळव्यानं पीठ पाटावर दाबत खाली सोडायचं. झेलणारीनं खाली बसून तार धरायची, काठीवर टाकायची. झेलणारीनं नजर काढायची नाही. एकटीचं काम नव्हे हे. बस, एवढंच.

पाणी किती म्हणशील तर ते पिठाला विचारावं लागतं. त्याला तोळे नाहीत रे.

मी विहीणबाईंना म्हटलं, मी इथं आहे की, मी करते पाच शेर, पोरीला कशाला त्रास. म्हणाल्या, "तुमच्या हातचं रोजच खातो दुर्गाबाई. तिच्याच हातचं हवं."

घाई करू नको. नाही जमल्या तर नाही जमल्या. हात सगळ्यांना नसतो.

अक्का


सोलापूर
रविवार, ता. ५ मार्च

ती. अक्कास सा. नमस्कार.

कार्ड पोचलं. पाकीट का पाठवत नाहीस? कार्डावर तुझी अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि माझ्या सहा प्रश्नांतले निम्मे तसेच राहिले.

"तिच्याच हातचं हवं" हे वाचून मात्र बरं वाटलं. प्रभालाही वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, मनात जागा असल्याशिवाय कुणी असं म्हणत नाही. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, आणि परत थापू लागली.

आता प्रयोगांविषयी. आजवर सात झाले. सुताराकडून साडेचार हाताचा पाट करवून घेतला आहे. प्रभा वर बसते, खाली झेलायला मीच. गल्लीतल्या बायका दारातून बघून तोंडाला पदर लावतात. लावोत. पाणी मी मोजलं: शेरभर पिठाला अठ्ठावीस तोळ्यांवर पीठ फुटतं, चौतीसवर पाटाला चिकटतं, एकतीस बरोबर. तेव्हा पिठाला विचारायची गरज नाही, तराजूला विचारलं तरी तो सांगतो.

पण तार येत नाही, अक्का. वीतभर येते आणि तुटते. भिंगातून पाहिलं तर तुटलेलं टोक कापल्यासारखं दिसतं, ओढल्यासारखं नाही. म्हणजे पिठात काहीतरी धरून ठेवणारं कमी आहे. कुटणं दुप्पट केलं, काही फरक नाही. गहू बदलला, नाही. प्रभाचे तळवे सोलले आहेत, एरंडेल लावतो. काल म्हणाली, "बाबा, राहू द्या ना आता." मी म्हटलं, घड्याळ सतराव्यांदा उघडलं तेव्हा चाललं होतं, आपण अजून सातच केले.

रात्रीच्या जेवणाला रोज तुटक्या शेवयांची उकड खातो. हसलीस तरी चालेल.

वहीत शेवयांच्या मुळाविषयीही एक पान सुरू केलं आहे. आपण शेवई म्हणतो, वरच्या मजल्यावरची मायाक्का अक्कलकोटाकडची, ती शाविगे म्हणते, मागच्या गल्लीतल्या दखनी बोलणाऱ्या बाया सेवय्या म्हणतात. प्रत्येकीला विचारलं, तर प्रत्येकीचं म्हणणं, ही आमची, तुम्ही आमच्याकडून घेतलीत. माझं मत वेगळं. हिचं मूळ कुठल्या जातीत नाही, उन्हात आहे. पावसाळ्यात गव्हाला कीड लागते. तेव्हा ज्या कुणी बाईनं पहिल्यांदा उन्हाळ्यातच गव्हाची तार करून वाळवली, तिनं गहू कुजण्यापासून वाचवला. नंतर लोकांनी त्यात दूध-गूळ घातला. ती बाई कोण हे कळणार नाही, एवढी खंत आहे.

तू काही विसरलीस का, नीट आठव.

रामहरी


करमाळा
ता. १४ मार्च

चि. रामहरीस आशीर्वाद.

विसरले नाही. जेवढं ठाऊक तेवढं लिहिलं.

आता माझं ऐक. सोड हा नाद. पोरीचे हात सोलून काय मिळणार. शेवया नाही आल्या म्हणून कुणाचं काही अडत नाही, उलट न आलेल्या बऱ्या. चैत्र होऊन जाऊ दे, वैशाख होऊन जाऊ दे. भाद्रपदात मीच येईन तिकडं, मग बघू. थोरली बहीण म्हणून सांगते. तू लहानपणीही अडलेलं दार लोटत बसायचास, दार पलीकडून कुणी धरलंय का हे बघायचा नाहीस.

प्रभाला जवळ घे. तुला जमत नाही ते, पण घे.

अक्का


सोलापूर
रविवार, ता. २ एप्रिल

ती. अक्कास सा. नमस्कार.

तुझ्या कार्डाचा मला राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. आता राग नाही. काम झालं.

गुरुवारी एकोणिसावा प्रयोग मोडला. मी पायरीवर बसून वही बघत होतो. मायाक्का पाण्याची घागर घेऊन चढत होती, थांबली. म्हणाली, "काय दादा, आज बी तुटली?"

म्हटलं, "तुटली."

"बघू की पीठ." चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. "उप्पु?"

"म्हणजे?"

"मीठ हो, मीठ. मीठ न्हाय घातलं व्हय यात?"

मी म्हटलं, बाई, दुधात शिजवायची गोड शेवई ती. मीठ घातलं तर दूध नासेल.

"खायला न्हाय दादा. तार धराया. पानी उकळून त्यात मीठ इरघळून घ्यायचं, त्या पान्यानं मळायचं. शेंबड्या पोरीला बी ठावं हाय आमच्याकडं. तुमच्या अक्कानं सांगितलं न्हाय? नवलच की."

त्याच दुपारी केलं. शेराला अर्धा तोळा, पाऊण तोळा आणि एक तोळा असे तीन गोळे. अर्ध्यावर तार हातभर. तोळ्यावर तार येते पण दूध फाटतं, उकळून पाहिलं. पाऊण तोळ्यावर, अक्का, प्रभानं तळवा सोडला आणि तार पाटावरून उतरली ती संपेचना. मी झेलत मागं मागं सरकत भिंतीला टेकलो. माझ्याजवळ परदेशी घड्याळातली एक सुटी कमान आहे, केसासारखी बारीक. तिच्या शेजारी शेवई ठेवून भिंगातून पाहिली. फार फरक नाही. हे मी पोरीला खूष करायला लिहीत नाही, मोजून लिहितो.

प्रभा काठीवरच्या तारांकडं बघत उभी राहिली. म्हणाली, "आता पाठवाव्याच लागतील." मी म्हटलं, लागतील काय? वाजत गाजत पाठवायच्या.

तुझ्यावर दोष ठेवत नाही. पन्नाशीनंतर विसर पडतोच. तुझ्या कृतीखाली तांबड्या शाईनं एवढीच दुरुस्ती केली आहे: "मीठ, शेरास पाऊण तोळा. हे सांगणाऱ्याकडून राहिले."

पाच शेर पुरे भरले, वर पावशेर. नव्या टोपलीत घातल्या, खाली धुतलेलं धोतर, वर प्रभाच्या आईच्या लुगड्याचा तुकडा बांधला. उद्या सिदूबरोबर निघतील. तू त्या घरात आहेस, तेव्हा टोपली उघडताना विहीणबाईंचा चेहरा कसा झाला ते तपशिलानं कळव.

रामहरी


सोलापूर
रविवार, ता. २३ एप्रिल

ती. अक्कास सा. नमस्कार.

तीन आठवडे झाले. तुझं पत्र नाही, त्यांचा निरोप नाही.

सिदूला विचारलं. म्हणाला, विहीणबाई स्वतः ओसरीवर आल्या. एक तार उचलून उजेडात धरली, दोन टोकांना धरून ओढून पाहिली. मग विचारलं, "तिच्याच हातच्या ना?" सिदू म्हणाला, व्हय. परत विचारलं. मग कमलाभवानीची शपथ घ्यायला लावली. त्यानं घेतली. तेव्हा टोपलीला हळदकुंकू वाहून आत नेली म्हणे.

हळदकुंकू वाहिलं, ही खूण चांगलीच म्हणायची. प्रभाची पेटी भरून ठेवली आहे. दोन लुगडी नवी घेतली. जावई नारायणराव स्वतः येणार की कुणाला पाठवणार तेवढं कळव, म्हणजे त्या दिवशी दुकान बंद ठेवीन.

मिठावरून मी जे लिहिलं ते मनाला लावून घेऊ नकोस.

रामहरी


करमाळा
ता. ९ मे

चि. रामहरी,

हे पहिल्यांदाच पाकीट लिहिते. देवीला आलेली फुलाबाई म्हणून एक बाई आहे, तिच्या हाती जेऊर स्टेशनात टाकायला देते. माझी कार्डं टाकायला या घरचाच गडी जायचा, आणि जाण्याआधी ती माजघरात वाचली जायची. पाकीट दिलं असतं तर संशय आला असता, म्हणून कार्डावर लिहीत होते आणि म्हणून खरं लिहीत नव्हते. "न आलेल्या बऱ्या" लिहिलं तेव्हा बोलणी खाल्ली, पोरीच्या हातांची कणव आली म्हणून सांगितलं तेव्हा ते कार्ड गेलं.

शुक्रवारी नारायणरावांचं लग्न झालं. मुलगी मोहोळची, मालती नाव, पंधरा वर्षांची. दोन वर्षांत मूल नाही एवढंच प्रभाचं कारण. शेवयांचं काही नव्हतं रे.

शेवया कशाला मागवल्या ते सांगते. या घरात पहिली जिवंत असताना दुसरी करायची तर पहिलीच्या हातचं गोड मांडवात सगळ्यांच्या आधी नवरदेवाच्या पानात वाढतात. तिनं आपल्या हातानं वाढलं असं धरतात, मग तिची हाय लागत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही. तुटकं चालत नाही, तुटकं म्हणजे तिचं मन तुटलं. प्रभाच्या थोरल्या दिराच्या वेळी पहिलीनं काही दिलं नव्हतं, आणि दुसरीची दोन मुलं पाळण्यात गेली. तेव्हापासून विहीणबाई या एका गोष्टीला भितात. देवाला भीत नाहीत तेवढ्या भितात. शेवया आल्या नसत्या तर या वर्षीचा मुहूर्त त्यांनी धरलाच नसता. मोहोळचे लोक थांबणारे नव्हते. वर्ष टळलं की काय होईल ते कुणी सांगावं. मी एवढ्याच आशेवर होते.

मीठ मी विसरले नव्हते. मीठ मी दिलं नाही.

मला वाटलं, गोड पदार्थात मीठ तुला सात जन्म सुचणार नाही. तू मोजत बसशील, कंटाळशील, शेवटी सोडशील. पण तू कंटाळणारा नाहीस, आणि हे मला ठाऊक असून मी विसरले. विसरले असेन तर एवढंच.

तू म्हणशील, एकदा तरी स्पष्ट का कळवलं नाहीस. कळवलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी इथं येऊन ओसरीवर उभा राहिला असतास. तू आपलं भांडून गेला असतास, आणि मला या वयात कुणी दुसरी चूल दाखवली नसती. हे लिहायला लाज वाटते. पण आता कशाची लाज.

टोपली उघडताना चेहरा कसा झाला ते विचारलं होतंस. विहीणबाई म्हणाल्या, "हात बसला हो पोरीचा. आधी बसता तर." आणि टोपली माझ्या हाती दिली.

खीर मीच केली. दुसरं कोण करणार. ढवळताना वाटलं, देवा, दूध तरी नासू दे. नासलं नाही. तुझं मीठ इतकं बरोबर होतं.

नारायणरावांनी दोनदा मागून घेतली. कशाची आहे हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

मी अजून त्याच घरी आहे. लुगड्याचा तुकडा मी माझ्याजवळ ठेवून घेतला आहे. प्रभाला सांगायचं की नाही ते तू ठरव.

अक्का


सोलापूर
रविवार, ता. ४ जून

अक्का,

पाकीट पोचून बरेच दिवस झाले. तुझ्यावर राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आहे. पण तो कुठं ठेवावा हे मला कळत नाही, म्हणून तू तिकडं काळजी करू नकोस.

मी प्रभाला सांगायचं ठरवलं. तीन दिवस वाक्य जुळवलं. सांगू लागलो तर दुसऱ्याच शब्दाला ती म्हणाली, "झालं का लग्न?"

तिला ठाऊक होतं. थोरल्या जावेनं तिला तिथं असतानाच सगळं सांगितलं होतं. निरोप आला त्या मंगळवारीच तिला कळलं होतं शेवया कशाला हव्यात.

मी विचारलं, मग वळल्यास का? मुद्दाम तोडायच्या होत्यास. मला कळलंही नसतं.

म्हणाली, "तुम्हाला कळलं असतं. भिंग लावून बघत होता की." मग म्हणाली, "आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी एवढं बोलला नव्हतात, बाबा. रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करून यायचात. मला वाटलं, होऊ दे. न्यायला तर कुणी येणार नव्हतंच."

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

त्यानंतर मी स्वतःला एक प्रश्न विचारला. तू मला फेब्रुवारीतच पाकीट पाठवलं असतंस, मला सगळं ठाऊक असतं, तर मी थांबलो असतो का? शेवया पाठवल्या नसत्या, हे खरं. पण तार का तुटते ते शोधायचं सोडलं असतं का? मला वाटतं, मीठ मी तरीही शोधलंच असतं. मग पोरीचे तळवे तेवढेच सोलले असते, आणि मायाक्काची घागर पायरीवर तशीच थांबली असती. तुला म्हणून लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

वहीतली तांबड्या शाईची ओळ खोडायला घेतली. खोडली नाही. खाली लिहिलं: "हे सांगणाऱ्याकडून राहिले नव्हते." मुळाच्या पानावर लिहायला आता काही सुचत नाही. ती पहिली बाई गहू वाचवायला बसली होती, असं मी धरून चाललो होतो. ते मला कुणी सांगितलं होतं?

प्रभाची पेटी अजून भरलेलीच आहे. ती उघडत नाही, मी उघडायला सांगत नाही.

शेवया मात्र ती रोज वळते. मी गहू आणू नये म्हणून दोनदा विसरल्यासारखं केलं, तर तिनं स्वतः जाऊन आणला. कशाला, कुणासाठी, विचारलं तर पाट पुसायला घेते. आता हात खरोखर बसला आहे. पीठ तोलत नाही, मीठ मोजत नाही, चिमटीनं टाकते आणि ते पाऊण तोळाच भरतं. मी एकदा गुपचूप तोलून पाहिलं.

चार दिवस आभाळ भरून आहे. वळलेल्या वाळत नाहीत, काठीवरच आंबतात, दुसऱ्या दिवशी गाईला घालाव्या लागतात. काल म्हटलं, पोरी, आता ऊन नाही. म्हणाली, "दिसतंय मला. खाली बसा."

एकटीचं काम नव्हे हे, तूच लिहिलं होतंस. झेलणाऱ्यानं नजर काढायची नाही, हेही. तेवढं मी पाळतो.

रामहरी